मिठाच्या पाण्यातला उजेड

॥ श्री ॥

मुक्काम शहादे,
फाल्गुन वद्य पंचमी, शके १८८३

राजमान्य राजेश्री व्याही रूपचंदआबा पाटील, मुक्काम तळोदे, यांचे सेवेशी चुडामण भिला गॅसबत्तीवाला याचा साष्टांग नमस्कार.

विनंती विशेष. इकडे आम्ही दोघं खुशाल आहोत. आपल्या गुडघ्याला एरंडाचं पान बांधून उतार पडला की नाही, ते कळवावं. विहीणबाईंचा खोकला एव्हाना गेला असेल; नसेल गेला तर अडुळसा पाठवतो, आमच्या परसात फुकट वाढतो आहे. म्हैस व्याल्याचं कळलं, आनंद झाला. चि. रंजना आपल्या सेवेत कुठे कमी पडत नसेल अशी आशा आहे. (ती भाकरी जाड थापते, तो दोष माझा. पातळ भाकरी मला लहानपणापासून फसवणूक वाटत आली.)

संक्रांतीच्या पत्रात आपण विचारलं होतं की, तुमच्या धंद्याचं कसं काय चाललं आहे? उत्तराला दोन महिने लागले, कारण दोन महिने माझं मलाच ठाऊक नव्हतं. आता ठाऊक झालं आहे, म्हणून सविस्तर लिहितो. पत्र लांबेल. आपण मोठे आहात, सांभाळून घ्यावं.

धंदा माझा आपण जाणताच. वडिलांनी मला नाव दिलं आणि उंची दिली. तिसरं काही त्यांच्यापाशी नव्हतं. उंचीमुळे वरातीत डोक्यावर गॅसबत्ती घ्यायला मला बोलावणी येत. त्यातून एक बत्ती स्वतःची झाली, एकीच्या तीस झाल्या, आणि सारंगखेड्याच्या यात्रेपासून प्रकाशा गावच्या घाटावरल्या कीर्तनापर्यंत जिथे अंधार तिथे चुडामण, असं लोक म्हणू लागले. (हे कौतुकच होतं, असं मी धरून चालतो.) शाळा चौथीनंतर सुटली, पण देवाने कान दिले. बत्तीच्या नुसत्या आवाजावरून मी सांगतो की तिला हवा पाहिजे की पिन पाहिजे. जाळी फाटण्याआधी बत्ती एक बारीक शीळ घालते, ती साऱ्या तालुक्यात मला एकट्याला ऐकू येते. जसोदा म्हणते, शीळ ऐकू येते, फक्त बायकोची हाक तेवढी ऐकू येत नाही.

तर दीड वर्षापूर्वी गावात वीज आली. मी स्वतः खांबाला नारळ फोडला. धंद्याचा वैरी असला तरी पाहुणा म्हणून आला होता. त्या वेळी एक गोष्ट माझ्या ध्यानात आली, ती कुणाशी बोललो नाही, आपल्याला लिहितो. आपल्याकडे तिन्हीसांजेला दिवा लागला की ज्याने त्याने हात जोडून जवळच्या माणसाला राम राम करायचा, हे आपण आईच्या मांडीवर शिकलो. वीज आली आणि घराघरातून ते बंद झालं. कुणी ठरवून बंद केलं नाही. खटका दाबला की उजेड अंगावरच येतो, हात जोडायला सवड राहत नाही. वातीला काडी लावल्यावर ती आधी निळी होते, मग पिवळी, मग स्थिर. तेवढ्या वेळात माणसाचे हात उठतात. मला वाटलं, गेली ही चाल. इथेच मी चुकलो.

यंदा महाशिवरात्रीच्या दुसऱ्या दिवशी येथील नाट्यमंडळाने हेडमास्तरांनी लिहिलेलं एक सामाजिक नाटक शाळेच्या पटांगणात करायचं काढलं. वीस वर्षं त्यांच्या नाटकाला बत्त्या माझ्या. पण मंडळाचे चिटणीस चुनीलालशेठ यांनी बोलावून सांगितलं की, भाऊ, यंदा बत्त्या नकोत, यंदा विजेचे दिवे, तेही कमीजास्त होणारे. पहाट म्हणजे पहाट दिसली पाहिजे. मी म्हटलं, दिवे तुमच्या मर्जीचे, पण लावणारा मी. शेठ हसले, पण माणूस न्यायाचा. त्यांनी ठरवून दिलं की दोंडाईच्याकडले उदेसिंगमास्तर तीन आठवडे येतील आणि मला विद्या देतील. नाटक नीट उजळलं तर मंडळाचं, शाळेचं आणि गणेशोत्सवाचं सगळं दिव्यांचं काम कायमचं माझं. नाही उजळलं तर धुळ्याचा माणूस. म्हणजे बावन्नाव्या वर्षी चुडामण एकतर शिकणार, नाहीतर तीस बत्त्या खुंटीला टांगून त्यांच्याखाली बसणार, असा तो करार होता.

उदेसिंगमास्तर म्हणजे गंभीर गृहस्थ. पंचवीस वर्षं नाटक मंडळ्यांबरोबर हिंडले, पण एकही नाटक त्यांनी समोरून पाहिलेलं नाही. (नायकाची डावी बाजू तेवढी त्यांना ओळखता येते.) पहिल्या दिवशी त्यांनी माझ्याकडून सामान आणवलं ते असं: खापराचे चार उंच रांजण, जुन्या बॅटरीतल्या शिशाच्या पट्ट्या, रहाटाच्या चार कप्प्या, दोर आणि मिठाची गोणी. मला वाटलं, मास्तर लोणचं घालणार. पण विद्या तीच होती. रांजणात मिठाचं पाणी भरायचं, एक पट्टी तळाशी, दुसरी दोराला टांगून पाण्यावर, आणि दिव्याकडे जाणारी वीज या दोन पट्ट्यांमधून, पाण्यातून न्यायची. वरची पट्टी दोराने हळूहळू पाण्यात सोडली की दिवा हळूहळू उजळतो, वर ओढली की मंदावतो. मोट हाकलेल्या माणसाला हे सोपं असावं, पण उलट अवघड गेलं. मोटेचा दोर खाली सोडला की मोट अंधारात जाते. इथे दोर खाली सोडला की उजेड वर येतो. पहिले चार दिवस माझी पहाट झाली की संध्याकाळ पडे.

मिठाचं प्रमाण हीच खरी मेख. कमी पडलं तर दिवा पूर्ण तेजाला पोचत नाही, जास्त झालं तर पट्टी पाण्याला टेकताच भडकतो. मास्तर म्हणाले, आमटीइतकं. मी विचारलं, कुणाच्या घरच्या आमटीइतकं? यावर त्यांनी प्रथमच माझ्याकडे आदराने पाहिलं. त्यानंतर तारा जोडण्याआधी प्रत्येक रांजणातलं पाणी मी जिभेवर घेऊन ठरवू लागलो. (तारा जोडल्यावर घ्यायचं नाही, हे मास्तरांनी तीनदा आणि शेजारच्या नानीबाईंनी, काही न समजता, एकदा सांगितलं.) पंधरा दिवसांत घरातलं मीठ संपलं. जसोदा दारात उभी राहून सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशी म्हणाली, “घरमा भाजीले मीठ नही, अनी हाई मानूस मडकामा मीठ टाकी ऱ्हायना!” मास्तर घरात जेवायला होते. त्यांनी आळणी भाजी मान खाली घालून खाल्ली आणि म्हणाले, “बहीण, हा उजेड बेअदबीने येत नाही. त्याला खाऊ घालावं लागतं.” तेव्हापासून जसोदा त्यांना भाऊ मानते आणि मला पूर्वीसारखंच.

मास्तरांचं एक वचन मी कानात कोरून ठेवलं आहे. ते म्हणत, उजेड असा आला पाहिजे की आला हे कुणाला कळता कामा नये. प्रेक्षकाला वाटलं पाहिजे की आपल्यालाच आता नीट दिसू लागलं. ज्या दिवशी प्रेक्षकाचं दिव्याकडे लक्ष गेलं, त्या दिवशी आपण हरलो. आणि दुसरं, दोर सोडायचा नाही. घर पेटलं तरी दोर हातात.

कान इथे उपयोगाला आले. मास्तर नाटकाचं बाड बघून खूण करत. मला अंधारात बाड वाचता येईना, पण लोटन टेलर बोलण्याआधी आवंढा गिळतो तो पडद्यामागून ऐकू येई, त्यावर मी दोर हलवी. (लोटन नाटकातली म्हातारी आई होता. पोशाख स्वतःच शिवायचा या अटीवर त्याला ती भूमिका मिळाली होती.) रांजणसुद्धा बोलतात. पाणी तापायला लागलं की आधी गुणगुणतं. कुठल्या रांजणात थंड पाणी टाकायचं ते मी मास्तरांच्या आधी सांगू लागलो. शेवटच्या तालमीला मास्तर म्हणाले, चुडामण, तुला बाड नको. आबा, मला आयुष्यात एवढं कुणी म्हटलं नव्हतं. घरी येऊन जसोदाला सांगितलं. ती म्हणाली, बाड म्हणजे काय?

तालमी मात्र आम्ही रिकाम्या पटांगणात केल्या होत्या, आणि नट मंडळी पुन्हा पुन्हा त्याच वाक्यांनी त्रासलेली. हे मी आत्ता लिहितो. तेव्हा कुणाला सुचलं नाही.

नाटकाच्या रात्री आठशे माणूस. तापीकाठच्या गावांतून बैलगाड्या आलेल्या, पुढे सतरंजीवर बायका, मागे पागोटी. पडदा उघडला, रंगमंच काळोखात, कारण पहिलाच प्रवेश पहाटेचा. मास्तरांनी माझ्या खांद्याला बोट लावलं आणि मी दोर सोडू लागलो. वीतभर, बोटभर, बोटभर. दिवा आधी तांबूस झाला, मग पिवळसर झाला, आणि झोपडीच्या कुडावर अशी पहाट आली की मला स्वतःला गार वाटलं. आणि आबा, पुढच्या सतरंजीवरून मागच्या झाडापर्यंत आठशे माणसांनी हात जोडले. “राम राम!” “राम राम, भो!” “राम राम, माय!” सगळं पटांगण एकमेकांकडे वळून दिव्याचा राम राम करतं आहे, आणि रंगमंचावर नायिका जात्यावर बसून तोंड उघडं टाकून बघते आहे.

एवढंच असतं तरी निभलं असतं. पण दिवा लागला, आठशे माणसं म्हणाली राम राम, आणि मी काय दगड आहे? मीही हात जोडले. दोन्ही.

दोर सुटला. पट्टी तळाला गेली. पहाटेची भर दुपार झाली. नायिकेने “अगं बाई!” म्हणून जातं सोडलं. मास्तरांनी दोर उचलून माझ्या हातात दिला आणि स्वतःच्या उपरण्याने माझी डावी मूठ माझ्या कमरेला बांधली. पहिला अंक मी एका हाताने काढला.

दुसऱ्या अंकाच्या सुरुवातीला तेच. अंक संपला की आम्ही सगळे दिवे पूर्ण घालवत होतो, पटांगणातलेसुद्धा, म्हणजे पुढचा अंक काळोखातून उगवावा. जितक्या वेळा काळोख, तितक्या वेळा नवा दिवा. आणि नवा दिवा म्हटल्यावर नवा राम राम. लोकांना त्यात काही गैर वाटत नव्हतं. उलट हेडमास्तरांनी नाटक फार धार्मिक लिहिलं आहे, असं मागच्या रांगेत कुणी बोलत होतं, ते मी स्वतः ऐकलं.

तिसऱ्या अंकात म्हातारी आई मरते. हेडमास्तरांनी सगळा जीव इथे ओतला होता. लोटन मरणाचं भाषण करून आडवा झाला, पटांगणात बायकांचे पदर डोळ्याला लागले. मी दोर वर ओढला, सगळा काळोख केला. मग ठरल्याप्रमाणे एकच दिवा, प्रेताच्या तोंडावर, अगदी सावकाश. माझ्या आयुष्यात मी एवढा सुंदर उजेड आणलेला नाही. तो येत होता तेव्हा रांजणसुद्धा गप्प होते. पटांगणातून राम राम आला, तो आता आम्ही धरूनच चाललो होतो. आणि त्या उजेडात, पांढऱ्या चादरीवर निजलेल्या मेलेल्या आईने दोन्ही हात जोडून छातीवर घेतले आणि स्पष्ट आवाजात म्हटलं, “राम राम.”

पुढचं मी लिहीत नाही. नायक, म्हणजे मुलगा, प्रेतावर पडून रडायचा होता. तो पडला, पण हसत पडला. पडद्यामागे हेडमास्तर लोटनवर धावून गेले तेव्हा लोटन लुगडं सावरत म्हणाला, “मी मरेल व्हतू, खरं शे. पन दिवा लागना ना भो! हात आपसे उठनात.” यावर हेडमास्तर मागे फिरले, कारण त्यांचेही उठले होते. मी पाहिलं होतं.

मास्तरांनी माझ्या कमरेची गाठ सोडली. चहाचा पेला हातात घेतला. मग म्हणाले, “पंचवीस वर्षं मी उजेड लपवत आलो, चुडामण. तुझ्या गावाने त्याला नमस्कार केला. आता हरलं कोण, ते मला सांगता येत नाही.” सकाळच्या मोटारीने ते गेले. रांजण मला ठेवून गेले. मोटार सुटताना खिडकीतून एवढंच म्हणाले की पाणी बदलत जा.

मंडळाची बैठक त्याच दुपारी झाली. मी कुडाच्या अलीकडे तारा गुंडाळत होतो. कान उघडे राहिले, त्याला माझा इलाज नाही. चुनीलालशेठ म्हणाले, “चुडामणना हात बत्ती धराना शेतस. पुढला साल धुळानाच मानूस.” आवाजात राग नव्हता. राग असता तर मी भांडलो असतो.

तेव्हा आबा, धंद्याचं उत्तर हे असं आहे. लग्नातसुद्धा आता मंडपात ट्यूब मागतात. मी ठरवलं आहे की पुष्कळ झालं. बत्त्या पुसून टांगल्या आहेत, रांजण जसोदाला धान्याला दिले आहेत. ओट्यावर बसतो, येणाऱ्याजाणाऱ्याला तंबाखू देतो. मन अगदी शांत आहे. मोठमोठ्यांची राज्यं गेली, माझ्या तर नुसत्या बत्त्या गेल्या. आपण काळजी करू नये. हे पत्र लिहिण्याचं खरं कारण वेगळंच. आखाजीचा सण जवळ येतो आहे. चि. रंजनाला आठ दिवस माहेरी पाठवावं, निंबाला झोका बांधतो आहे. एवढी विनंती मान्य व्हावी. विहीणबाईंना नमस्कार, लहानांना आशीर्वाद, म्हशीला वैरण. शब्द कमीजास्त झाला असेल तर मिठासारखा समजून घ्यावा.

आपला नम्र
चुडामण भिला

ता. क. पत्र बंद करता करता आठवलं. तळोद्याच्या मोटारीचा कंडक्टर काल ओट्यावर तंबाखूला बसला होता. तो दुसऱ्याच कुणाशी बोलत होता, पण ऐकू आलं की रामनवमीच्या दुसऱ्या दिवशी आपल्या मंडळाचं नाटक आहे, आपण अध्यक्ष आहात, आणि दिव्यांचं अजून कुणाकडे ठरलेलं नाही. मी काही म्हणत नाही. फक्त कळवतो की झालेल्या चुकीचं मूळ मला सापडलं आहे. काळोख पुरा केला, ही चूक. पटांगणाच्या कोपऱ्यात, सगळ्यांना दिसेल अशी, एक गॅसबत्ती पहिल्यापासून शेवटपर्यंत जळत ठेवायची. तिला लोक सुरुवातीलाच राम राम करून मोकळे होतात. मग रंगमंचावर शंभर वेळा उजेड करा, काळोख करा. घरचा दिवा लागलेलाच आहे, पुन्हा हात कशाला उठतील? काळोख दाखवायचा तर एक दिवा राखावा लागतो, हे मास्तरांनाही ठाऊक नव्हतं. प्रयोग करून पाहिला आहे. नानीबाईंना समोर बसवलं, कोपऱ्यात बत्ती ठेवली, रांजणावर सहा वेळा पहाट केली. एकदाही हात उठला नाही.

ता. क. दुसरा. नानीबाईंना दिवस मावळल्यावर दिसत नाही, असं जसोदा आत्ता सांगते आहे. तेव्हा प्रयोग पुन्हा केला, जसोदावरच. बत्तीला तिने एकदा हात जोडले. पुढच्या सहा पहाटांना नाही. विचारलं तर म्हणाली, “एकदाव कया ना राम राम? आते काय दर घडीले करू?” म्हणजे सिद्धान्त पक्का. आणि रांजण धान्याला दिले असं वर लिहिलं आहे, ते देणार होतो. दिलेले नाहीत. लेकीच्या घरचं पाणी बापाने पिऊ नये, ही रीत मला ठाऊक आहे. मग तिच्या घरचं काम मागणं तर दूरच. पण मी माझं पाणी पिंपात घालून बरोबर आणीन, पिण्याचं वेगळं आणि रांजणाचं वेगळं. आपल्या घराचा उंबरा चढणार नाही. पटांगणातच राहीन.

ता. क. तिसरा, आणि हा आबांसाठी नाही. रंजना, बेटा, सासऱ्यांना आलेलं पत्र तू दाराआडून मोठ्याने वाचून दाखवतेस, आणि ओट्यावर चार माणसं बसलेली असतात, हे मला ठाऊक आहे. म्हणून हा कागद वेगळा करून पत्राच्या वर ठेवला आहे, तुला आधी दिसावा. वरचे दोन ताजा कलम वाचायचे की नाही, ते मी तुझ्यावर सोपवतो. तुझ्या बापाने काम मागितलं म्हणून त्या घरात तुला कुणी एक शब्द बोलेल असं वाटलं, तर वाचू नको. “आपला नम्र, चुडामण भिला” इथेच थांब, पत्राची घडी घाल आणि म्हण, संपलं.